मूळ पद आणि मानपूरचा घाट

बाबूराव निघोजकरांना कोथिंबीर आणायला पाठवलं तर ते कोथिंबीर सोडून बाकी सगळं घेऊन येत. वाटेत कोणाच्या तरी सुनेला मुलगा झाल्याचं कळे, त्यावरून बारशाचा पाळणा आठवे, पाळण्यावरून रामजन्म, रामजन्मावरून सुंठवडा, आणि सुंठवड्यावरून घरातली सुंठ संपल्याचं ध्यानात येऊन ते सुंठ घेऊन परत येत.

"मी कोथिंबीर म्हटलं होतं," लीलाबाई म्हणत.

"हो का? पण सुंठ संपली होती की नाही?"

सुंठ खरोखरच संपलेली असे. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

इंदूरची मिल चालू होती तोवर हा स्वभाव खपून गेला. कापडखात्यातले कारकून म्हणून बाबूराव एखाद्या ठाणाची चौकशी करायला निघत आणि बॉयलरवाल्याच्या मुलीचं लग्न जमवून परत येत. तिथं माणसांचा महापूर, कोण कुठं भटकतंय हे बघायला कोणाला फुरसत? मग मिल बंद पडली. रोज सकाळी साऱ्या गल्लीला उठवणारा भोंगा एक दिवस वाजलाच नाही. चिमणीचा धूर थांबला आणि त्याच सुमारास गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं डाळीची पोती मागं ढकलून एसटीडीचं काचेचं खोकं उभं केलं. देश खुला झाला, असं सगळे म्हणत होते. बाबूरावांना मात्र एकच दार उघडं राहिलं होतं, ते गल्लीतल्या राममंदिराचं.

चैत्राच्या नवरात्रात तिथं कीर्तनं होत आणि अष्टमीचं कीर्तन बाबूरावांचं. मिलमध्ये ते बाबूजी होते. पण डोक्याला पागोटं, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या घेऊन नारदाच्या गादीवर उभे राहिले की ते बुवा होत. मिल गेल्यावर लोक रस्त्यात नजर चुकवत विचारत, "और बाबूजी, सध्या काय?" पण फाल्गुन लागला की तीच माणसं सायकलवरून उतरून विचारत, "बुवा, यंदा कोणतं आख्यान?" या एका प्रश्नावर बाबूरावांचं वर्ष निघत होतं. आणि पुढच्या फाल्गुनात तो प्रश्न कोणी विचारेल की नाही, अशी आता वेळ आली होती.

झालं होतं असं. पूर्वरंगात बुवा एक मूळ पद घेतात आणि त्यावर निरूपण करतात. निरूपणात हवं तेवढं फिरावं, दाखले द्यावेत, लोकांना हसवावं, रडवावं. पण शेवटी मूळ पदावर परत यायचंच. ते पद पुन्हा म्हटलं की नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लागतो, हार पडतो, आणि मगच उत्तररंगातलं आख्यान लागतं. सकाळी चरायला सुटलेली गाय तिन्हीसांजेला गोठ्यात आली पाहिजे, तसंच हे. बाबूरावांची गाय गेल्या वर्षी आलीच नाही.

पद सुदाम्याच्या पोह्यांचं होतं. सुदाम्याच्या पोह्यांवरून बुवा इंदूरच्या पोह्यांवर आले. तिथवर ठीक होतं, इंदुरात राहून ते टाळायचं म्हणजे अवघडच. पण पोह्यांवरून शेव, शेवेवरून मिलचं कँटीन, कँटीनवरून तुकोजी तबलजींच्या लग्नाची वरात, आणि त्या वरातीची बस मानपूरच्या घाटात बंद पडली. बुवांनी सगळ्यांना बसमधून उतरवलं. वऱ्हाडानं धक्का मारला, खुद्द नवरदेवानं मुंडावळ्या वर करून धक्का मारला, श्रोते हसून हसून आडवे झाले. पण बस काही सुरू होईना, आणि आपण इथं आलो कशासाठी ते बुवांना आठवेना. शेवटी त्यांनी तिथंच देवाचं नाव घेऊन पूर्वरंग सोडला. सुदामा बिचारा द्वारकेच्या वेशीवर आणि श्रोते घाटात.

हे ट्रस्टच्या अध्यक्षांना, यशवर्धनराव खासगीवाल्यांना फार लागलं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारात होते. दरबार गेला, पण त्याची शिस्त यशवर्धनरावांच्या मानेत राहिली होती. ते शेजाऱ्याकडे बघायचं असलं तरी आख्खे वळत.

"मूळ पदावर न येणारं कीर्तन म्हणजे विसर्जन न केलेला गणपती," ते बैठकीत म्हणाले. "बुवांना यंदा एक संधी देऊ. मूळ पदावर आले, तर अष्टमी कायमची त्यांची. नाही आले, तर पुढच्या वर्षीपासून ग्वाल्हेरचे बुवा. आणि कोणी मागून सांगायचं नाही. लीलावहिनी गेल्या वेळी पेटीवर पदाची चाल वाजवून खुणावत होत्या, मी पाहिलंय. माणसानं सांगितलेलं मुळीच चालणार नाही."

बाबूरावांची मुलगी सुरभी तुकोगंजातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. तिनं हे ऐकलं आणि पोळीचा घास हातात तसाच धरून विचारलं, "माणसानं, असंच म्हणाले ना? मशीनचं काही नाही बोलले?"

"मशीनचं कशाला बोलतील?"

"बस, मग काम झालं. टेंशन नका घेऊ बाबा."

तिनं मांडणीवरची ताटं खाली काढली. "हे बघा. कॉम्प्युटर एक काम करत असतो. मध्येच दुसरं निघतं. मग पहिलं कुठं सोडलं, ते तो एका ताटात ठेवतो." तिनं एक ताट फरशीवर ठेवलं. "दुसऱ्यातून तिसरं निघालं, की दुसरं ताट याच्यावर. तिसऱ्यातून चौथं निघालं, की आणखी एक. मग परत येताना वरचं ताट उचलायचं, ते काम पुरं करायचं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं. सगळ्यात तळाशी तुमचं मूळ पद. चुकायचा सवालच नाही."

बाबूराव त्या चळतीकडे बघतच राहिले.

"अगं, म्हणजे याला पूर्वरंग येतो! कोणी शिकवलं गं याला? मागच्या जन्मीचा कीर्तनकार असणार. कुठं काही चूक झाली असेल बिचाऱ्याची, म्हणून पत्र्याचा जन्म मिळाला."

"बाबा, तुमच्या डोक्यात पण अशीच ताटं रचायची आहेत."

"माझ्या डोक्यात ताटं भरपूर आहेत बेटा, पण चळत नाहीये, पंगत बसलीय. एकाला वाढायला वाकलो की पलीकडून कोणीतरी ओरडतं, इकडे भात! तिकडे जावं तर ओळखीचं निघतं. मग त्याच्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत का? आता तुझ्या आईच्या माहेरी एकदा पंगतीत..."

"टीं!" सुरभी म्हणाली.

"टीं काय?"

"मशीन असं वाजेल. तुम्ही आडवाटेला लागलात की मी बटण दाबणार, तो जागा लिहून ठेवणार आणि टीं करणार. टीं ऐकलं की मागं फिरायचं. स्क्रीन तुम्हाला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि पागोट्याखाली चष्मा बसत नाही, म्हणून कानाचा इलाज."

लीलाबाई चुलीपाशून म्हणाल्या, "लग्नात का नाही गं दिलं मला कोणी असलं?"

मग घरात तालमी सुरू झाल्या. बाबूराव आरशासमोर उभे राहून निरूपण करत आणि सुरभी तोंडानं टीं टीं करत त्यांना हाकत असे. पहिले काही दिवस ते प्रत्येक टींला "काय गं?" विचारत, आणि ते विचारण्यातून नवीनच गोष्ट निघत असे. हळूहळू त्यांना सवय लागली. इतकी की शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली तरी ते बोलता बोलता गप्प होऊन मूळ पद म्हणू लागले.

तबल्याची साथ तुकोजींची. ते मिलमध्ये जॉबर होते, हाताखालच्या मागवाल्यांवर ओरडून त्यांचा आवाज बसला होता, पण हात गोड होता. त्यांना वेगळीच काळजी. बाबूरावांना ते इंदुरी थाटात 'भिया' म्हणत. "भिया, ही टीं समेवर येणार की खालीच्या मात्रेवर?"

"काका, तिला मात्रा-बित्रा नाही. बाबा कधी भटकतात त्यावर आहे."

"मतलब फ्री स्टाइल! चला, जमवून घेऊ. मी प्रत्येक टींला तिहाई मारतो, एकच बोल तीनदा. पब्लिकला वाटेल, मुद्दाम बसवलंय."

अष्टमीच्या दुपारी तुकोगंजाहून टेम्पोत बसून कॉम्प्युटर आला. क्लासच्या सरांनी तो एका अटीवर दिला होता, की त्याच्यावर काही सांडायचं नाही. लाइट गेली तर म्हणून पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपातून बॅटरीचं धूड आणलं होतं. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला खांबाआड हे सगळं मांडलं, आणि सुरभी वायरी जोडून मान वर करते तो शेजारच्या शैलजाकाकूंनी पडद्याला कुंकू लावलेलं.

"काकू, हे काय!"

"असू दे गं. पहिल्यांदा देवळात आलाय."

यशवर्धनराव आले आणि आख्खे वळले. "हा काय प्रकार?"

"काका, तुम्ही म्हणालात माणसानं सांगायचं नाही. हा माणूस नाहीये."

यशवर्धनरावांनी विचार केला. शब्द म्हणजे शब्द, हे त्यांच्या घराण्याचं ब्रीद. "बटण कोण दाबणार?"

"मी. पण आत काय ठेवलंय ते सांभाळणार हा."

"ठीक. बुवा अडायच्या आधी जे आत ठेवलं, ते यंत्राचं. चालेल."

बुवा गादीवर उभे राहिले. देवाला, नारदाला, श्रोत्यांना नमस्कार झाला. यंदाचं मूळ पद त्यांनी स्वतःच रचलं होतं, द्रौपदीच्या थाळीचं. वनात दुर्वास ऋषी शिष्यांचा लोंढा घेऊन जेवायला येतात, थाळी घासून पालथी घातलेली, आणि कृष्ण त्या थाळीच्या कडेला चिकटलेलं भाजीचं एक पान शोधून खातो, त्यावर सगळ्यांची पोटं भरतात. बुवांनी आवाज लावला:

"पात्रीं उरलें पान, तेणें हरि धाला."

लीलाबाईंनी पेटी धरली, तुकोजींनी ठेका. श्रोते जेमतेम अर्ध्या मंडपाचे होते, पण होते ते डोलू लागले.

"श्रोतेहो, धाला म्हणजे तृप्त झाला. देवाला किती लागतं? एक पान. आणि आपल्याला? आता आमच्या मिलच्या कँटीनमध्ये एक बल्लव होता..."

टीं.

तुकोजींनी तिहाई मारली. बुवांनी तोंड मिटलं. "...असो. देवाला भाव लागतो. द्रौपदीनं थाळी घासून ठेवली होती. तेव्हा काही भांडी घासायची पावडर नव्हती; आमच्या लहानपणीसुद्धा राखच, आणि राख कुठली, तर..."

टीं. तिहाई.

"...असो. दुर्वास ऋषी रागीट होते. आमच्या खात्यातले एक साहेब..."

टीं.

"असो!"

बघता बघता पूर्वरंग दोरीत ओवल्यासारखा सरळ झाला. दाखला निघे आणि जागच्या जागी मरे. ताटांवर ताट चढायला वेळच मिळेना. खांबाआड सुरभीचा चेहरा फुललेला. आणि बुवा, स्वतःच दचकून, मूळ पदापाशी येऊन उभे राहिले: "पात्रीं उरलें पान, तेणें हरि धाला!"

"वा!" यशवर्धनराव ताडकन उठले. "आले! मूळ पदावर आले!"

नामाचा गजर सुरू झाला. बुक्का लागला. यशवर्धनरावांनी हारासाठी हात मागं केला, तो हात मागंच राहिला. हार आला नव्हता.

हारवाल्याला बुवांचं कीर्तन पाठ होतं. अष्टमीला बुवा आडवाटांना लागले की तो दुकान बंद करी, घरी जाऊन चहा घेई, आणि आरामात हार घेऊन येई. उरलेला अर्धा मंडपही तसाच. बायका घरची कामं उरकून, पुरुष दुकानं आवरून, "बुवा आता कँटीनपर्यंत आले असतील" असा हिशेब करून निघत. कोणाला कोणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. साऱ्या गल्लीनं बुवांच्या भटकण्यावर आपापली घड्याळं लावून ठेवली होती, आणि आज ते घड्याळ कोणाला न सांगता पुढं गेलं होतं.

सगळ्यात मोठा घोटाळा मागं, मुदपाकखान्यात झाला. प्रसादाचा शिरा जनाबाईंकडे. त्यांचं शास्त्र ठरलेलं: बुवा सुरू झाले की रवा चाळायला घ्यायचा आणि गजर ऐकू आला की पाणी टाकायचं. मधला सगळा वेळ मंद आचेवर भाजणं. आज रवा परातीत असतानाच गजर ऐकू आला! "अगो बाई, माझंच काही चुकलं," म्हणत जनाबाईंनी आच मोठी केली आणि तुपात सगळा रवा लोटून दिला.

इकडे गजर चालूच. हार पडल्याशिवाय उत्तररंग लागत नाही, आणि गादीवर उभ्या राहिलेल्या बुवांना आरती होईपर्यंत बसता येत नाही की उतरता येत नाही. लोकांचे गळे सुकले. तुकोजी वाकून म्हणाले, "भिया, बोटं सुजली. काहीतरी करा."

यशवर्धनराव दरवाज्यापर्यंत जाऊन आले. मग गादीपाशी येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच थोडे ओशाळून, हळूच म्हणाले, "बुवा... हार येईपर्यंत... जरा फिरून या ना कुठं तरी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं ते. कँटीन वगैरे. सुरभी, बंद कर गं तुझं ते टीं."

"काका, तो आपोआपच बंद झालाय. ताटं उचलली, काम संपलं." पडद्यावर एक छोटीशी रेघ नुसती लुकलुकत होती.

यशवर्धनरावांनी बोट वर केलं. "पण एक आहे बुवा. पूर्वरंग परत उघडला, की परत लावावा लागेल. पुन्हा मूळ पदावर यावं लागेल. अट ती अटच."

"येतो की," बुवा म्हणाले. "कितीसं लांब जाणार?"

आणि तोंड उघडून उभे राहिले. काही येईना.

आयुष्यभर ज्या डोक्यानं त्यांना कोथिंबिरीच्या वाटेवर गाठून पळवलं होतं, ते आज, "जा बाबा, हवं तिकडे जा" म्हटल्यावर, हट्टी बैलासारखं जागचं हलेना. सुरभीनं खांबाआडून कुजबुजत मदत केली. टाकून दिलेल्या जागा तिच्या ध्यानात होत्या.

"बाबा, कँटीन! बल्लव!"

"हो. कँटीन होतं. त्यात एक बल्लव... होता." बुवांनी घाम पुसला. "चांगला होता."

"राख! राखेचं काय ते!"

"राख. राख असायची." थोडं थांबून त्यांनी भर घातली, "राखाडी."

समोर कोणीतरी खोकलं. बुवांनी रामरायाकडे पाहिलं. तो आपला धनुष्य धरून उभा. लीलाबाईंनी पेटीचा भाता नुसताच हलवला, उसासा टाकल्यासारखा. गल्लीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. यंदा बुवा थकले, असं दोघीतिघींच्या चेहऱ्यावर आलंसुद्धा.

तेवढ्यात मागून वास आला. तुपात करपलेल्या रव्याचा.

बुवांचं नाक वर झालं. मग भुवया. मग सगळे बुवा.

"थांबा," ते म्हणाले. "हा वास! असाच वास आमच्या सुरभीच्या बारशाला आला होता. सासूबाईंनी शिरा करायला घेतला आणि बाळ कोणासारखं दिसतं यावर त्यांची आणि माझ्या आईची जुंपली. शिरा करपून कोळसा! पाहुणे बसलेले. कोणी हात लावीना. आणि हे आमचे तुकोजी, हे, इथं बसलेत ते, परातभर शिरा एकट्यानं खाऊन गेले आणि वर बायकांना विचारतात, 'वहिनी, यात कॉफी किती घालायची?'"

मंडप फुटला. तुकोजींनी न सांगता तिहाई मारली.

"आणि तुकोजी भुकेला का होता? तर सकाळचं न खाता आला होता. का? तर भोंग्याला उशीर झाला म्हणून. आता भोंगा म्हणजे श्रोतेहो, आपल्या गल्लीचा देवच. आणि त्या भोंग्याचा खरा भक्त कोण? तुम्ही नाही, मी नाही. तुकोजीचा मोती!"

"मोत्या!" म्हातारी माणसं खुर्चीत पुढं सरकली. दारातून माणसं येत होती, चपला काढत होती, बसायच्या आधीच हसत होती. भोंगा वाजला की मोती कुत्रा मान वर करून त्याच्या सुरात सूर लावायचा. मिल बंद झाली, भोंगा गेला, पण मोतीला कोणी नोटीस दिली नव्हती. तो रोज सकाळी त्याच वेळेला, ओट्यावर उभा राहून, आपल्यापुरता भोंगा वाजवायचा. गल्लीनं त्यावर घड्याळं लावली. दूधवाला मोतीवर, शाळा मोतीवर, आंघोळीचं पाणी मोतीवर.

"आणि मग एक दिवस," बुवांनी चिपळ्या छातीशी धरल्या, "मोतीला पलीकडच्या गल्लीतली एक आवडली!"

त्या दिवशी सगळी गल्ली झोपून राहिली. शाळेची पोरं घरी, दूध ओट्यावर. "आणि एका फार मोठ्या माणसाची मुंबईची गाडी चुकली. नाव घेत नाही. पण स्टेशनवर ते असे, आख्खे वळून वळून गाडी शोधत होते!"

साऱ्या मंडपानं यशवर्धनरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि मग दरबारी मानेतून एक विचित्र आवाज फुटला. ते हसत होते. डोळे पुसत हसत होते. त्यांच्या हातात हार होता. हारवाला कधी आला, कधी देऊन जमिनीवर बसला, त्यांनाही कळलं नव्हतं. सुरभी खांबाआडून बाहेर येऊन बायकांत बसली होती.

बुवांचा आवाज मात्र हळू झाला. "हसू नका हो त्याला. मालक गेले, मशीन गेलं, आम्ही शहाणी माणसं रडून मोकळे झालो. त्या मुक्या जिवानं हाक मारणं सोडलं नाही. पलीकडून उत्तर येत नाही म्हणून त्यानं सूर खाली आणला नाही. देवाला आपण असं कधी हाकारलंय?"

शैलजाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. असा क्षण आला की बुवांनी मूळ पद उचलायचं, हे तिथल्या खांबालाही माहीत होतं. बुवांनी चिपळ्या उचलल्या. श्वास घेतला.

पद गेलं होतं.

कुठल्या तरी देवाचं होतं. होतं हे नक्की. बुवांनी मनात शोधलं, तर तिथं मोती, सासूबाई, मुंबईची गाडी, सगळे पाटावर बसलेले आणि पद तेवढं नाही. त्यांनी सुरभीकडे पाहिलं. ती धावत खांबाआड बटणापाशी गेली, आणि यशवर्धनरावांचा हात वर झाला.

"ताटं मघाशीच उचलली गेली. आता आत ठेवशील, ते तुझं. यंत्राचं नाही."

"पण काका!"

"शब्द म्हणजे शब्द." हसून हसून आलेलं पाणी अजून त्यांच्या गालावर होतं, आणि हे बोलताना त्यांनाच वाईट वाटलेलं दिसत होतं. पण पणजोबा मानेत बसले होते.

घरातल्या तालमी ऐकून ऐकून सगळ्या मंडपाला पद येत होतं. लहान पोरांना येत होतं. आया त्यांच्या तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. लीलाबाईंनी पेटीवरून हात उचलून मांडीखाली घातले, न जाणो बोटंच बोलून जातील. तुकोजी ओठ आत ओढून छताकडे बघत होते. हारवालासुद्धा कासावीस झाला होता. एवढे सगळे लोक एवढ्या जोरानं गप्प बसलेले त्या देवळानं कधी पाहिले नसतील. आणि मधोमध बुवा, एकटे, पुढच्या सगळ्या फाल्गुनांकडे पाठ करून उभे असल्यासारखे.

"आग लागो त्या गजराला!"

मुदपाकखान्याचं दार उघडून जनाबाई बाहेर आल्या. त्यांना अट ठाऊक नव्हती, बाहेर काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. एका हातात ती अवाढव्य कढई, दुसऱ्यात कालथा. "सगळा करपला! बाहेर ही एवढी माणसं, आणि खरवडून खरवडून चांगला निघाला तो एवढा!" त्यांनी कढई तिरपी करून सगळ्यांना दाखवली. आत काळंकुट्ट, आणि कडेला चिकटलेला, सोनेरी, मूठभर शिरा. "आता एवढ्यात मी कोणाकोणाला पुरवू, सांगा!"

बुवांनी कढईकडे पाहिलं. त्या कडेकडे पाहिलं. आणि त्यांचे डोळे असे चमकले, की लीलाबाईंनी मांडीखालचे हात ओढून काढले.

"पात्रीं उरलें पान!" बुवा ओरडलेच. "तेणें हरि धाला!"

अडवून धरलेला सगळा मंडप एकदम सुटला. पदाची एक ओळ होती, पण ती अशी उसळली की कबुतरं शिखरावरून उडाली. तुकोजींनी ठेका धरायच्या आधीच टाळ्यांनी धरला होता. जनाबाई कढई घेऊन मधोमध उभ्या, मी असं काय बोलले म्हणून भोवती बघतात.

यशवर्धनराव मोठ्यानं म्हणाले, "अहो, पण हे तर जनाबाईंनी सांगितलं!"

"मी काय सांगितलं? मी शिऱ्याचं सांगितलं!" जनाबाईंनी कालथा उगारला. "गजर वेळेवर करत जा, मग बोला!"

कालथ्यापुढं पणजोबांचं काही चाललं नाही. यशवर्धनराव गादीपाशी गेले आणि हार घातला.

उत्तररंग रंगला. दुर्वासांचे शिष्य पोट धरून ढेकर देत पळाले तेव्हा श्रोत्यांपैकी पुष्कळांना खरोखरच भूक लागली होती, त्यामुळे तो भाग फारच परिणामकारक झाला. आरती झाली. प्रसाद म्हणून प्रत्येकाला बोटाच्या टोकाएवढा शिरा मिळाला, आणि कोणाचीही तक्रार आली नाही. सुरभीनं आपला वाटा कीबोर्डपासून दूर, पाठ फिरवून खाल्ला.

मग रीतीप्रमाणे एकेक जण येऊन बुवांना उराउरी भेटू लागला. रांग सरली तेव्हा यशवर्धनराव पुढं आले. कोणाला मिठी मारायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी जरा जास्तच जोरात मारली, आणि त्यांच्या कोटाचं बटण बुवांच्या हारात अडकलं. सुटेना. हारवाला कात्री आणायला दुकानाकडे गेला.

"बुवा," अध्यक्ष बुवांच्या कानात म्हणाले, मान हलवायची सोयच नव्हती, "अष्टमी तुमची. कायमची. फक्त पुढच्या वेळी रवा आधीच भाजून ठेवायला सांगा."

"सांगतो की," बुवा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर यशवर्धनरावांच्या कोटाची कॉलर होती, आणि कॉलरीचं कापड त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं. "हे आपल्याच मिलचं कापड! अहो, या कापडाचा पहिला तागा निघाला त्या दिवशी काय गंमत झाली..."

"काय झाली?" यशवर्धनरावांनी विचारलं.

लीलाबाईंनी पेटी झाकली आणि जनाबाईंच्या शेजारी पायरीवर बसून घेतलं. कात्री यायला अजून वेळ होता.